पाणी-सांडपाण्यावर एमटेकचा प्रबंध करताय? या चुका टाळा

शहरी पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण या विषयावरचे एमटेकचे प्रबंध दरवर्षी माझ्याकडे वाचायला येतात. गावं बदलतात, चुका त्याच राहतात. मुलं हुशार असतात, पण त्यांना घाई नडते.

गावात पाणी कसं येतं हे न बघता ईपीएनेट (नळजाळ्याचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) उघडणं. ही सगळ्यात महाग पडणारी चूक. लोकसंख्येला दरडोई रोजच्या १३५ लिटरने गुणायचं, आलेला आकडा नोडवर (जाळ्यातल्या जोडबिंदूंवर) वाटायचा, ३ चा पीक फॅक्टर (गर्दीच्या वेळची मागणी सरासरीच्या किती पट) लावायचा आणि मॉडेल चालवायचं. सगळीकडे दाब छान दिसतो.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका छोट्या शहराचं असं मॉडेल एक विद्यार्थिनी घेऊन आली होती. जुन्या गावठाणातल्या वरच्या आळीत तिला १४ मीटर उंच पाण्याइतका दाब दिसत होता. आम्ही पाण्याच्या वेळेला तिथे गेलो. लोकांनी दारात खड्डे खणून नळ जमिनीखाली घेतले होते आणि वाटीवाटीने बादल्या भरणं चाललं होतं. शेजारच्या घरात नळाला थेट मोटर जोडलेली. पाणी एक दिवसाआड, तीन तास.

आता हिशोब बघा. ४८ तासांची गरज ३ तासांत ओढली जाते, म्हणजे सरासरीच्या १६ पट. मॉडेलमध्ये धरलं होतं ३ पट. प्रवाह पाचपटीहून जास्त चुकला. हेझन-विल्यम्सच्या सूत्रात पाइपमधला दाबाचा तोटा प्रवाहाच्या १.८५ घाताने वाढतो, म्हणजे तो चुकला सुमारे २२ पट. तेवढा तोटा सोसणारा दाब टाकीत नसतोच. म्हणून टोकाच्या घरांना पाणी कमी मिळतं. पण साधं मॉडेल प्रत्येक नोडला पूर्ण पाणी मिळतंच असं धरून चालतं. खरी मागणी टाकली की ते उणे दाब दाखवतं आणि विद्यार्थी घाबरून मागणी पुन्हा कमी करतात.

खरी माहिती मिळाली वॉलमनकडून, म्हणजे पाणी सोडायचे वॉल (झडपा) उघडणाऱ्या माणसाकडून. "वरची आळी आधी सोडतो, खालचा वॉल अर्धा दाबून ठेवतो, नाहीतर वर थेंब चढत नाही," असं त्याने सांगितलं. तो अर्धा दाबलेला वॉल एकाही नकाशात नव्हता आणि सबंध गावाचं पाणीवाटप त्याच्यावर चाललं होतं.

तेव्हापासून माझ्याकडे नियम एकच आहे: वॉलमनबरोबर पाणी सोडण्याची पूर्ण पाळी हिंडून आल्याशिवाय कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. कुठला वॉल किती वाजता, किती फेरे उघडतो, ते वहीत लिहा. उंच टाकीची पातळी दर पंधरा मिनिटांनी नोंदवा. मीटर नसले तरी झोनला किती पाणी गेलं ते त्यावरून निघतं. टोकाच्या नळाला प्रेशर गेज लावा. मग मॉडेल करा, आणि ईपीएनेटची २.२ किंवा त्यापुढची आवृत्ती घेऊन दाबावर अवलंबून मागणीचा पर्याय निवडा. व्हिडिओ बघून दोन दिवसांत उभं केलेलं मॉडेल मी परत पाठवतो.

एसटीपीवर (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पावर) सकाळी अकराला एक बाटली भरणं आणि त्यावरून प्रकल्पाची कार्यक्षमता काढणं. मैलापाण्याचा प्रवाह आणि तीव्रता दिवसभर बदलते. चोवीस तासांचा, प्रवाहाच्या प्रमाणात एकत्र केलेला नमुना घ्या. रात्रीचे नमुने घ्यायचा कंटाळा मला मान्य नाही. बाटल्या बर्फात आणा. क्लोरिन दिल्यानंतरचा नमुना तसाच बीओडीला (घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातात ते मोजणाऱ्या चाचणीला) लावला तर जंतू मेलेले असल्याने आकडा फसवा, कमी येतो. आधी क्लोरिन काढा, मग सीड (जिवंत जंतूंचं विरजण) घाला. आपल्याकडे बीओडी २७ अंशांवर तीन दिवसांचा देतात, परदेशी शोधनिबंधांत २० अंशांवर पाच दिवसांचा. तक्त्यात दोन्ही शेजारी ठेवताना तसं लिहा.

उरलेला क्लोरिन दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मोजणं. तो तोवर उडालेला असतो. नळापाशीच मोजा. जंतुतपासणीच्या बाटलीतून तर मुळीच नको, तिच्यात क्लोरिन मारणारं थायोसल्फेट असतं.

पुरवठ्याच्या ८० टक्के सांडपाणी, हे डोळे मिटून धरणं. गळती किती, बोअरचं पाणी किती, आधी विचारा.

"घर सेप्टिक टँकला जोडलेलं आहे" असं लिहून पुढे जाणं. टाकी शेवटची कधी उपसली? बाहेर पडणारं पाणी शोषखड्ड्यात जातं की उघड्या गटारात? मैला उपसणारी गाडी कुठे रिकामी होते? प्रश्नावलीत हे तीन प्रश्न नसतील तर सर्वेक्षण अपुरं आहे. वाई आणि सिन्नरने दर तीन वर्षांनी टाक्या पाळीने उपसण्याची व्यवस्था बसवली. ती जाऊन बघा, गाडीवाल्यांशी बोला.

नमुन्यासाठी मॅनहोलमध्ये वाकणं. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकाला वास येणंच बंद होतं आणि माणसाला वाटतं, हवा ठीक आहे. साफसफाईसाठी सुरक्षा साधनांशिवाय माणूस आत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि प्रबंधाच्या नमुन्यासाठी तर कुणालाही उतरवू नका, पालिकेचा कर्मचारी आपणहून तयार झाला तरीही. झाकण उघडून बाजूला थांबा, दोरी बांधलेली बादली वरूनच सोडा आणि एकटे जाऊ नका.