या चुका टाळा: पन्नाशीतले कपडे आणि शिलाईतली माया

इंदूरला रामबागेत राहत्या घराच्या पुढच्या खोलीत माझं मशीन आहे. चोवीस वर्षं ब्लाऊज नि कुर्ते शिवते आहे. येणाऱ्या बहुतेक जणी पंचेचाळीस ते साठमधल्या. पिशवीतून कापड काढता काढता त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "जरा वजन वाढलंय, पण कमी करणारच आहे. थोडा फिटच ठेवा." मी टेप गळ्यात अडकवून ऐकून घेते. वजन उतरलं तर ब्लाऊज आत घ्यायला मला वीस मिनिटं लागतात. सैल करायचा तर मात्र आत शिवणीपाशी जादा सोडलेलं कापड, म्हणजे माया, असावं लागतं, आणि ते नंतर कुठून आणायचं?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जुना ब्लाऊज मापाला देणं. "अगदी असाच शिवा, हा मला छान बसायचा." बसायचा!

मी शिवायला लागून आठ-नऊ वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. आमच्याच गल्लीतल्या एक वहिनी, बँकेत नोकरीला, संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी महेश्वरी साडीचा ब्लाऊजपीस घेऊन आल्या. मापाला ब्लाऊज दिला तो त्यांच्या मुलाच्या मुंजीतला, म्हणजे निदान दहा वर्षांचा जुना. घाई त्यांनाही होती आणि मलाही. कापडाच्या कडा कापून दोऱ्याने बंद करणारं ओव्हरलॉकचं मशीन नुकतंच घेतलं होतं, त्यामुळे आतली शिवण रेडीमेडसारखी बारीक दिसावी याची मला हौस. सगळी माया कापून टाकली आणि ओव्हरलॉक मारून ब्लाऊज दिला. ट्रायलही घेतली नाही.

हळदीकुंकवाला मी गेले होते. वहिनींनी वाण द्यायला हात पुढे केला आणि काखेपासून दंडापर्यंत शिवण उसवली. नुसता दोरा तुटला असता तर ठीक होतं, शिवणीलगतचं कापडही चिरलं. महेश्वरीचा उभा धागा रेशमी, आडवा सुती, वीण तलम. ओढ बसली की ती शिवणीपाशीच सरकते. मग वहिनींनी शाल गुंडाळून उरलेला कार्यक्रम पार पाडला. जानेवारी होता म्हणून कुणाला काही वाटलं नाही. एक आजी तर म्हणाल्या, "यंदा थंडी फारच आहे बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या, एक शब्द न बोलता ब्लाऊज मशीनवर ठेवला आणि गेल्या. त्या शांतपणाची मला अजून भीती वाटते. ब्लाऊजपीस संपलेला, आत माया नाही. शेवटी साडीचं नेसताना कमरेत खोचलं जातं ते टोक मागवलं, त्याची चार इंची पट्टी कापली आणि दोन्ही काखांत चौकोनी तुकडे घातले. ती साडी त्या अजून नेसतात. हात वर केला की मला मात्र तो तुकडाच दिसतो.

तेव्हापासून मी जुना ब्लाऊज बघते तो फक्त गळ्यासाठी. पाळी जाण्याच्या आगेमागे शरीराचा आकारच बदलतो. चरबी मांड्या नि नितंबांवरून पोटाकडे सरकते, दंड भरतात, पाठ रुंदावते, खांदे किंचित पुढे येतात. छातीचं माप छत्तीसचं छत्तीस राहूनही ब्लाऊज बसत नाही तो यामुळे. म्हणून दंड, मुंढा (बाही जोडतात तो काखेचा घेर) आणि पाठीची रुंदी ही तीन मापं नव्याने घ्यायचीच, तीही रोज वापरता तीच ब्रा घालून. कुर्त्यासाठी पोट नि सीट उभ्याने एकदा आणि खुर्चीवर बसून एकदा मोजते. बसल्यावर दोन-तीन इंच सहज वाढतात, आणि दिवसातला अर्धा वेळ आपण बसलेल्याच असतो. पोट आत ओढून माप देणाऱ्यांना मी काही बोलत नाही. गप्पा सुरू करते आणि पोट सुटलं की टेप वाचते.

मुंढ्याबद्दल थोडं जास्तच बोलते, कारण इथे हुशार बायकाही फसतात. "काखेत काचतंय, मुंढा खाली उतरवा." उतरवला की हात खाली असताना बरं वाटतं, पण हात वर केला की अख्खा ब्लाऊज वर चढतो आणि खालून पोट दिसतं. मुंढा काखेच्या जवळच हवा, बाही मात्र दंडाला रुंद हवी. काचतं ते बहुतेक वेळा बाही अरुंद असते म्हणून. ट्रायलला आरशासमोर नुसतं उभं राहू नका. फडताळाच्या वरच्या फळीवरचा डबा काढायचाय असा हात वर करा, मग दोन्ही हात पुढे घेऊन स्वतःलाच मिठी मारा. यात निभावला तो ब्लाऊज निभावला. आणि शिंप्याला स्पष्ट सांगा: दोन्ही बाजूंना एक-एक इंच माया, बाहीत पाऊण इंच. "आतून जाड दिसेल" म्हणाला तर दिसू दे. आत बघायला कोण येतंय?

मागे हुकं लावून घेण्याची हौस पन्नाशीनंतर सोडा. याच वयात खांदा आखडण्याचं दुखणं बायकांना फार होतं. हात पाठीमागे जात नाही आणि नवऱ्याला हुकं दिसत नाहीत.

दुसरं माझं दुखणं म्हणजे न धुता आणलेलं कापड. शीतलामाता बाजारातून सकाळी कापड घ्यायचं, दुपारी माझ्याकडे आणायचं आणि "रविवारपर्यंत होईल ना?" कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच आटू शकतं. बेचाळीस इंची कुर्त्यात हे सव्वा ते दोन इंच झाले. रेयॉन तर त्याहून जास्त आटतं. मग कुर्ता गुडघ्याच्या वर जातो आणि दोष माझ्या कात्रीला. मी सरळ परत पाठवते. कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, न पिळता सावलीत वाळवा, हलकी इस्त्री करून आणा. अस्तरसुद्धा. अस्तर आटलं आणि वरचं कापड नाही आटलं की ब्लाऊज आतून चुरगळल्यासारखा दिसतो, मग कितीही इस्त्री मारा. धार जिल्ह्यातलं बाग प्रिंट असेल तर पहिली धुणी वेगळी, कारण लाल-काळा रंग थोडा सुटतोच. मूठभर मीठ टाकून तो पक्का होत नाही, उगाच मीठ घालवू नका.

अस्तर पॉलिस्टरचं कधीच नाही. मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या वर, त्यात अंगातून गरम वाफा येण्याचे दिवस, त्यात काखेत चिकटलेलं अस्तर. टू बाय टू रुबियाचं सुती अस्तर घ्या, थोडे पैसे जास्त लागतात.

परकराची नाडी. यावर बायका हसतात, मी हसत नाही. बारीक नाडी, तीस वर्षं रोज त्याच जागी, साडी सुटू नये म्हणून करकचून. कमरेवरचा काळा पट्टा कितीतरी जणींना आहे. तिथे खाज, मग खपली, मग बरी न होणारी जखम. 2024 मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशाच जुन्या जखमेतून त्वचेचा कर्करोग झालेल्या दोन वयस्कर बायकांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात छापली. फार दुर्मीळ आहे, पण काळा पट्टा दुर्मीळ नाही. माझी सवय सांगते. परकराला दोन इंच रुंद पट्टा, नाडीही रुंद, गाठ आज डावीकडे तर उद्या उजवीकडे, आणि घरी आलं की आधी नाडी सैल, मग चहा. साडीखाली घालायचे ते अंगाला चिकटणारे शेपवेअर मी एकदा घालून बघितले. सरवटे बसस्टँडच्या पुढे चालत जाताना पाऊलच मोठं पडेना.

"दीदी, फ्री साइज है" म्हणून विकला जाणारा कुर्ता कुणाच्याच मापाचा नसतो. ओढणी स्कूटरवर दोन्ही खांद्यांवरून मागे सोडू नका, गाठ मारून पुढे घ्या, मागच्या चाकात जाते. चपला संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय सुजतो. आणि अगदी सपाट पातळ तळव्याची चप्पल म्हणजे आरामाची, हा गैरसमज टाच दुखायला लागली की आपोआप जातो.

"या वयात हा रंग शोभेल का?" हा प्रश्न मला विचारू नका, मी शिवणारी आहे. खिसा मात्र मागा. उजव्या शिवणीत, मोबाईल मावेल इतका खोल. काही शिंपी कुरकुर करतात, पंधरा मिनिटांचं काम आहे.

हे सगळं वाचूनही काही जणी गणपतीच्या चार दिवस आधी, कोरं कापड आणि मुंजीतला ब्लाऊज घेऊन येणारच. दारावर पाटी लावली आहे: ट्रायलशिवाय ब्लाऊज मिळणार नाही. परवा एकीने ती वाचली आणि आत येऊन विचारलं, "काकू, ट्रायल नाही घेतली तर किती कमी घ्याल?"