गडद आकाशाखाली ग्रहीय तेजोमेघ टिपताय? या चुका टाळा

अमावास्येची रात्र साधायची, दोन-अडीचशे किलोमीटर गाडी हाकायची, अंधाऱ्या माळावर ट्रायपॉड रोवायचा आणि रात्रभर दुर्बीण रोखायची ती स्वरमंडळ तारकासमूहातल्या एम ५७ या तेजोमेघावर, म्हणजे त्या सुप्रसिद्ध कंकणावर. सकाळी फ्रेम स्टॅक करून (एकावर एक रचून) बघावं तर फोटो घरच्या गच्चीवरून काढला होता जवळजवळ तसाच. मी हे केलंय, तेही दोनदा. दुसऱ्या वेळी कुठे डोक्यात प्रकाश पडला की चूक आकाशाची नव्हती, लक्ष्य निवडण्यातच होती.

विल्यम हर्शलला अठराव्या शतकात ही छोटी गोल बिंबं दुर्बिणीतून ग्रहांसारखी दिसली म्हणून त्यांना ग्रहीय तेजोमेघ हे नाव पडलं. ग्रहांशी त्यांचा काडीचा संबंध नाही. म्हाताऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेला वायू आणि मधल्या तप्त गाभ्याच्या अतिनील प्रकाशाने त्याला आलेली चमक, एवढाच हा मामला. पण तो प्रकाश येतो कसा, हे आपल्या कामाचं आहे. २९ ऑगस्ट १८६४ रोजी विल्यम हगिन्सने कालेय तारकासमूहातल्या एनजीसी ६५४३ कडे, म्हणजे ‘मांजराच्या डोळ्या’कडे, वर्णपटदर्शक वळवला. ताऱ्यासारखा अखंड पट्टा दिसेल असं त्याला वाटलं होतं, दिसल्या फक्त मोजक्या तेजस्वी रेषा. त्यातली सगळ्यात ठळक हिरवट रेषा कोणत्या मूलद्रव्याची, हे कोडं १९२७ मध्ये आयरा बोवेनने सोडवलं. ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची निघाली, तरंगलांबी ५००.७ नॅनोमीटर. आपण जिला ‘ओ-थ्री’ म्हणतो ती हीच. सोबत हायड्रोजनची लाल रेषा, म्हणजे हायड्रोजन-अल्फा, ६५६.३ नॅनोमीटर.

सगळा माल या दोन-चार रेषांत असल्यामुळे ड्युअल-बँड, म्हणजे ओ-थ्री आणि हायड्रोजन-अल्फा एवढंच आत सोडणारा, फिल्टर लावला की शहरातल्या दिव्यांचा बराचसा उजेड बाहेर राहतो आणि एम ५७ सारखं लहान, ठसठशीत बिंब शहरातूनही छान येतं. अंधाराची खरी गरज असते ती पसरट, मंद गोष्टींना. कुंभेतला एनजीसी ७२९३ म्हणजे हेलिक्स घ्या. चंद्रबिंबाच्या व्यासाशी तुलना करावी इतका मोठा, त्यामुळे प्रकाश पातळ पसरलेला. जॉर्ज एबलने १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीतले ८६ तेजोमेघ घ्या, त्यातले बरेच असेच फिकट. किंवा ओळखीच्याच तेजोमेघांची बाहेरची कवचं घ्या. मांजराच्या डोळ्याचा चमकदार गाभा जेमतेम २० विकलांचा आहे (एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला), पण भोवतीचं जुनं कवच पाच कलांहून मोठं. गाभा गच्चीवरून टिपावा. कवचासाठी पेट्रोल जाळावं.

एका रात्रीत सहा लक्ष्यं घ्यायचा मोहही आवरा. फिकट कवचाला एकाच लक्ष्यावर सलग चार-पाच तास दिले तर काहीतरी हाती लागतं. प्रत्येकी चाळीस मिनिटं वाटत बसलात तर सहा अर्धवट फोटो घेऊन परताल.

दुसरी नेहमीची चूक फोकल लेंथची. प्रवासात वजन नको म्हणून आपण छोटी लेन्स घेतो आणि मग बिंब कुठे हरवलं ते शोधत बसतो. हिशेब सोपा आहे. सेन्सरच्या पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, २०६ ने गुणा, फोकल लेंथने मिलिमीटरमध्ये भागा, म्हणजे एका पिक्सेलवर किती विकला येतात ते कळतं. ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल आणि ४०० मिलिमीटरची दुर्बीण असेल तर उत्तर जवळपास १.९. एम ५७ ची लांबी साधारण ८६ विकला, म्हणजे फोटोत तो ४५ पिक्सेलचा टिकला. १३५ मिलिमीटरच्या लेन्सवर तर १५ पिक्सेलच. एम २७ हा दुसरा ग्रहीय तेजोमेघ आठ कलांचा आहे, तो ४०० वर अडीचशे पिक्सेल भरतो आणि बरा दिसतो. छोटी दुर्बीणच न्यायची असेल तर एम २७ किंवा हेलिक्स निवडा आणि बारक्या बिंबांचा नाद सोडा. मोठी न्यायची असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा, अंधार आणि स्थिर हवा एकाच ठिकाणी मिळतील असं नाही. दिवसभर तापलेल्या डांबरावर किंवा काँक्रीटवर ट्रायपॉड लावला तर काळ्याकुट्ट आकाशातही तारे रात्री उशिरापर्यंत उकळत राहतात. शेजारी गवत किंवा माती असेल तर तिथे सरका.

अंधार शोधताना अक्षांश बघायचा राहतो, हेही नेहमीचंच. हेलिक्स खगोलीय विषुववृत्ताच्या २१ अंश दक्षिणेला आहे. ५० अंश उत्तर अक्षांशावरून तो क्षितिजाच्या वर जास्तीत जास्त १९ अंश चढतो, तिथे हवेचा थर इतका जाड की अंधाराचा फायदा गिळून टाकतो. दहा अंश दक्षिणेला गेलात तर तो दहा अंश वर येतो. याउलट एम ५७ आणि एम २७ ही उत्तर गोलार्धातल्या उन्हाळ्यातली लक्ष्यं, पण जूनच्या अखेरीस सुमारे ४८.५ अंशांच्या उत्तरेला सूर्य रात्रभर क्षितिजाखाली १८ अंशांवर जातच नाही. संधिप्रकाश संपत नाही. नकाशावर ती जागा कितीही काळी दिसो, त्या दिवसांत तिथे पूर्ण रात्रच नसते.

चंद्राबद्दल एवढंच सांगतो की ओ-थ्रीला त्याच्या उजेडाचा त्रास हायड्रोजन-अल्फापेक्षा जास्त होतो. फिल्टर आहे, आता चंद्राची काय फिकीर, असं म्हणू नका.

आता माउंट, म्हणजे ताऱ्यांच्या गतीने दुर्बीण फिरवणारा आधार. जागा बदलली की अक्षांश बदलतो, म्हणजे माउंटचा कलही नव्याने बसवावा लागतो. विषुववृत्ताच्या बरंच जवळ गेलात तर काही माउंटचा काउंटरवेटचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला आपटतो. हे घरीच कल देऊन तपासा. दक्षिण गोलार्धात ट्रॅकर उलटा फिरवायचं बटण असतं, ते विसरलात तर दहा सेकंदांत ताऱ्यांच्या रेघा होतात.

आणि तारीख! एका ऑगस्टमध्ये मी नव्या जागी स्थळ, वेळ, टाइम झोन सगळं नीट भरलं, तारीख भरली ०५-०८. कंट्रोलरला आधी महिना हवा होता. मी ५ ऑगस्टला उभा होतो आणि माउंट ८ मेच्या रात्रीत. एम ५७ मागितला तर उत्तर आलं, लक्ष्य क्षितिजाच्या फार जवळ आहे. वर बघितलं तर शेजारचा अभिजित जवळपास डोक्यावर चमकत होता. मी आधी केबल काढून घातली, मग माउंट बंद-चालू केला, मग पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष ध्रुवाकडे रोखणं) पुन्हा केलं. पाऊण तास गेल्यावर सहज तारखेचं पान उघडलं. तेव्हापासून क्रम ठरलेला आहे. माउंटने एखादं लक्ष्य अशक्य म्हटलं की हत्याराला हात लावण्याआधी तारीख, टाइम झोन, उन्हाळी वेळेची खूण आणि रेखांशापुढचं पूर्व-पश्चिम, या चार गोष्टी बघायच्या.

प्लेट सॉल्विंग, म्हणजे फोटोतल्या ताऱ्यांवरून दिशा ओळखणारं सॉफ्टवेअर, असेल तर माउंटची दिशा चुकली तरी निभावतं. पण त्यासाठी ताऱ्यांची यादी लॅपटॉपवर उतरवलेली हवी. अंधाऱ्या जागी मोबाइलला रेंज नसते आणि नेमकं तेव्हाच कळतं की आपलं सॉफ्टवेअर सॉल्व्हिंगसाठी इंटरनेट शोधतंय. निघण्याच्या आदल्या रात्री वायफाय बंद करून, फक्त भरलेल्या बॅगेतून निघणाऱ्या वस्तू वापरून अंगणात सगळं जोडून बघा. कपाटाकडे हात जायला लागला की काय विसरलंय ते सापडतं. बहुतेक वेळा ती एखादी केबल असते, नाहीतर ॲडॅप्टरची रिंग.

विमानाने जाणार असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, केबिनमध्येच न्याव्या लागतात. १०० वॉट-अवरपर्यंतची सहसा चालते, १०० ते १६० च्या मधली विमान कंपनीची परवानगी घेऊन, त्यावरची नाहीच. १२ व्होल्ट, २० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे २४० वॉट-अवर. ती विमानतळावरच राहील. लहान दोन न्या, आणि थंडीत त्या घरच्यापेक्षा लवकर संपतील असं धरून चाला.

फोकसची चूक सगळ्यांना माहीत असते आणि तरीही सगळे करतात. संध्याकाळी बाहतिनोव मास्क (फोकस जुळवायची खाचांची जाळी) लावून फोकस केला की मास्क बॅगेत जातो. रात्र गार होते, नळी आकसते, दोन वाजेपर्यंत तारे फुगलेले असतात. निदान दर तासाला, आणि फिल्टर बदलला की प्रत्येक वेळी, पुन्हा फोकस करा. तारे फुगलेले आणि भोवती धुरकट वलय दिसलं तर आधी काचेवर दव आहे का ते बघा, नाहीतर दवाला फोकसची चूक समजून रात्रभर चाक फिरवत बसाल. ड्यू हीटर दव पडल्यावर नाही, पहिल्या फ्रेमपासून चालू हवा.

एक्सपोजरबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण इथे शहरातली सवय नडते. शहरात ३० सेकंदांच्या फ्रेम पुरतात. आकाश इतकं उजळ असतं की त्याच्या उजेडापुढे सेन्सरचा स्वतःचा रीड नॉईज (फ्रेम वाचताना येणारा गोंधळ) नगण्य होतो. शहरातलं आकाश १८.५ प्रतीचं आणि माळावरचं २१.५ प्रतीचं (प्रति चौरस विकला; आकडा मोठा तितकं आकाश काळं) असेल तर फरक तीन प्रतींचा, म्हणजे जवळपास सोळापट. तेवढंच आकाश एका फ्रेममध्ये जमायला माळावर आठ मिनिटं लागतील. लगेच आठ मिनिटांवर उडी मारा असं मी म्हणत नाही, माउंटला ते झेपलं पाहिजे. पण ३० सेकंदांच्या शेकडो फ्रेम जोडूनही कवच दिसत नसेल तर संशय आधी इथे घ्या. हिस्टोग्रामचा, म्हणजे उजेडाच्या आलेखाचा, डोंगर डाव्या भिंतीला चिकटलेला असेल तर वेळ वाढवा. नॅरोबँड (प्रकाशाचा अरुंद पट्टाच सोडणारा) फिल्टर असेल तर आणखी वाढवा. यात गाभा जळून पांढराफटक होतो. म्हणून मांजराच्या डोळ्यासारख्या लक्ष्याला दहा-वीस सेकंदांचा वेगळा संच घ्या आणि नंतर गाभा त्यातून बसवा. फ्रेमच्या अधेमधे डिदरिंग (दुर्बीण दर वेळी किंचित सरकवणं) चालू ठेवा, नाहीतर पार्श्वभूमीवर तिरके ओरखडे उमटतात आणि फिकट कवच त्यातच हरवतं.

कॅमेरा मॉडिफाय केलेला नाही म्हणून कोणी थांबू नये. साध्या कॅमेऱ्याच्या आतला फिल्टर हायड्रोजन-अल्फाचा बराच भाग अडवतो हे खरं, पण ओ-थ्री हिरव्या आणि निळ्या दोन्ही पिक्सेलना लागतो. कडेची लाली कमी येईल. निळसर-हिरवं अंग मात्र येईल, आणि या तेजोमेघांमध्ये तेच सगळ्यात बोलकं असतं.

फ्लॅट, म्हणजे लेन्सच्या कडेचा काळोख दुरुस्त करायला लागणाऱ्या एकसारख्या उजेडाच्या फ्रेम, पहाटेच घ्या. दमलेले असता, गारठलेले असता, वाटतं घरी जाऊन घेऊ. पण कॅमेरा दुर्बिणीतून काढला की फोकस आणि कोन दोन्ही गेले, मग तो फ्लॅट त्या फ्रेमचा राहत नाही. पांढरा टी-शर्ट तोंडावर ताणून उजाडत्या आकाशाकडे बघत वीस-तीस फ्रेम, दहा मिनिटांचं काम. कवच हे पार्श्वभूमीपेक्षा इतकं किंचित उजळ असतं की लेन्सच्या कडेचा काळोख त्याहून कितीतरी ठळक ठरतो. फ्लॅटशिवाय दोन्ही वेगळे काढता येत नाहीत.

एवढं करून घरी आल्यावर रात्र वाया जाते ती संगणकावर. ग्रेडियंट (आकाशाचा असमान उजेड) काढणारं साधन आपोआप नमुने टाकतं, त्यातले काही थेट कवचावर पडतात. साधनाला ते कवच आकाशाची घाण वाटते आणि ते साफ करून टाकतं. नमुने हाताने लावा, लक्ष्यापासून बरेच लांब. हिरवा रंग मारणारं साधन ओ-थ्रीही मारतं, म्हणून ते हलक्या हाताने, किंवा फक्त पार्श्वभूमीवर. शार्पनिंग जास्त झालं की मधल्या ताऱ्याभोवती काळी कडी येते आणि कंकणात नसलेल्या रेघा उगवतात.

सगळ्यात मोठा घात करतो ब्लॅक पॉइंट, म्हणजे ज्याखालचं सगळं काळं होतं ती पातळी. पार्श्वभूमी मखमली काळी दिसावी म्हणून स्लायडर जरा उजवीकडे ओढला की ज्यासाठी एवढा प्रवास केला तेच कापलं जातं. मांजराच्या डोळ्यावर एक खूण आहे. त्याच्या कवचातला एक उजळ तुकडा पूर्वी स्वतंत्र वस्तू म्हणून नोंदला गेला, आयसी ४६७७ या नावाने. फोटो उलटा, म्हणजे निगेटिव्ह करून ताणून बघा. तो तुकडा एकटाच तरंगताना दिसला आणि त्याला गाभ्याभोवती जोडणारं बाकीचं कवच दिसलं नाही, तर स्लायडर मागे घ्या आणि पुन्हा बघा.