फुलदाणीसाठी फुलं लावताय? या चुका टाळा

झाडावर आठ-दहा दिवस टवटवीत राहणारं फूल कापून पाण्यात ठेवलं की दुसऱ्याच दिवशी मान टाकतं. दोष पाण्याला किंवा उकाड्याला दिला जातो, पण चूक बहुतेक वेळा कापण्याच्या कितीतरी आधी झालेली असते. जात ठरवताना, रोप वीतभर असताना, किंवा त्याही आधी प्रदर्शनात एखादं फूल पाहून ‘हेच लावायचं’ असं ठरवलं तेव्हा. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रदर्शनातलं दृश्य जसंच्या तसं उचलणं

फुलांच्या प्रदर्शनात दिसणारं प्रत्येक झाड नेमक्या त्याच दिवसांसाठी तयार केलेलं असतं. १९१३ पासून लंडनच्या रॉयल हॉस्पिटलच्या मैदानावर भरणाऱ्या चेल्सी फ्लॉवर शोसाठी रोपवाटिका उशिरा फुलणाऱ्या झाडांना उबेत ठेवून लवकर फुलवतात आणि लवकर फुलणाऱ्यांना शीतगृहात थोपवून धरतात. छोट्या प्रदर्शनांतही हेच थोड्या प्रमाणात चालतं. त्यामुळे तिथे शेजारी-शेजारी फुललेली दोन झाडं आपल्या वाफ्यात एकाच वेळी फुलतील याची काहीच खात्री नसते. आवडलेली जोडी लावण्याआधी प्रत्येकाला लागवडीपासून फुलापर्यंत किती दिवस लागतात ते विचारा. झिनियाला साधारण ६० ते ७० दिवस लागतात, ग्लॅडिओलसला जातीनुसार ७० ते १००. दोन्ही एकत्र हवे असतील तर हा फरक धरून लागवड मागे-पुढे करावी लागते.

दुसरी फसगत फोटोची. फुलाचा जवळून घेतलेला फोटो उंची लपवतो. ‘बेनरीज जायंट’ आणि ‘प्रोफ्युजन’ या दोन्ही झिनियाच. पहिली तीन फुटांपर्यंत जाते, दुसरी फूट-दीड फुटावर थांबते. कॉसमॉसमध्येही ‘सेन्सेशन’ उंच वाढतो, ‘सोनाटा’ बुटका राहतो. बुटक्या जाती वाफ्याच्या कडेला छान दिसतात, पण त्यांना कितीही खत घातलं तरी फुलदाणीजोगा देठ मिळत नाही. तेव्हा फुलाच्या आधी पाटीचा फोटो घ्या. जातीचं पूर्ण नाव, उंची, कंद की बी, आणि शक्य असेल तर मांडणाऱ्याकडून ‘कापल्यावर किती दिवस टिकतं’ हेही टिपून घ्या. ‘गुलाबी डेलिया’ एवढ्याच नोंदीवर पुढच्या हंगामात काहीही शोधता येत नाही.

उलट प्रकारही घडतो. कुंडीतली गच्च, ठेंगणी शेवंती बऱ्याचदा वाढरोधक औषधं देऊन तशी ठेवलेली असते. घरी आणून जमिनीत लावली की औषधाचा परिणाम ओसरतो आणि पुढच्या हंगामात ती चांगली उंच होते. हे तिचं बिघडणं नव्हे. कापायच्या फुलांसाठी तर ते सोयीचंच, फक्त आधाराची तयारी हवी.

बक्षीसपात्र डेलियाबद्दल एक स्पष्ट मत. २५ सेंटिमीटरहून मोठं फूल पाहून कोणीही हरखून जाईल, पण फुलदाणीसाठी ते सर्वांत गैरसोयीचं. एका दांड्यावर एकच कळी ठेवून ते वाढवलेलं असतं, डोकं जड असतं आणि कापल्यावर फार तग धरत नाही. गोलसर, घट्ट पाकळ्यांचे ‘बॉल’ आणि ‘पॉम्पॉन’ प्रकार लहान असले तरी त्याहून जास्त टिकतात आणि झाड देतंही भरपूर.

सर्वांत उपयोगी निरीक्षण प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी दुपारी करता येतं. पहिल्या सकाळी सगळंच सुंदर असतं. शेवटच्या दुपारी कोणाच्या पाकळ्यांच्या कडा करपल्या, कोणी परागांचा सडा टाकला, कोणाचा देठ अजून ताठ आहे, हे न विचारता समजतं. लावण्याची यादी त्या वेळी करा.

फुलझाडांना लाडाने नत्र देणं

हिरवीगार, मऊ, लुसलुशीत वाढ आणि फूल नाही, ही कॉसमॉसची नेहमीची तक्रार. कारण जवळजवळ नेहमीच जास्तीचं नत्र. भरपूर नत्राने देठ भराभर लांबतात, पण आतून कमकुवत राहतात आणि मावा ही रस शोषणारी कीडही त्यांच्यावर आधी येते. लागवडीआधी वाफ्यात चांगलं कुजलेलं कंपोस्ट दोन-तीन बोटं जाडीचं पसरून मिसळलं की कॉसमॉसला पुढे काही द्यावं लागत नाही. डेलिया आणि शेवंती मात्र खादाड. त्यांना कळ्या धरू लागल्या की नत्र कमी आणि पालाश (पोटॅशियम) जास्त असलेलं खत द्यावं.

उन्हाबाबत तडजोड नको. दिवसाला सहा तास थेट ऊन नसेल तर देठ प्रकाशाकडे वाकतात आणि बारीक राहतात. शेवंतीला मात्र अंधाराचीही गरज असते. तिला कळी धरण्यासाठी लांब, अखंड रात्र लागते. वाफ्यावर रात्रभर दिव्याचा उजेड पडत असेल तर झाड वाढत राहतं आणि कळ्या येत नाहीत. अशा वेळी खत बदलून काही होत नाही, जागा बदलावी लागते.

अंतर आणि आधार

कापायची फुलं शोभेच्या झाडांपेक्षा जवळ लावली तरी चालतात, कारण ती सतत कापली जातात. झिनियाला २० ते २५ सेंटिमीटर, एकदांडी (एका रोपाला एकच फूल देणाऱ्या) सूर्यफुलाला १५, ग्लॅडिओलसच्या कंदांना १५, डेलियाला किमान ४५. याहून दाटी केली की झिनियाच्या पानांवर भुरी (पांढऱ्या भुकटीसारखी बुरशी) ठरलेली. पाणी मुळाशी द्या, पानांवर फवारू नका.

आधाराची जाळी झाडं आडवी झाल्यावर लावण्यात अर्थ नाही. तोवर देठाचं टोक पुन्हा वर वळलेलं असतं आणि तो बाक जात नाही. रोपं वीतभर असतानाच १५ सेंटिमीटर चौकटीची जाळी खुंट्यांवर आडवी ताणा, झाडं तिच्यातून वर येऊ द्या.

शेंडा खुडायला मन न होणं

ही चूक प्रेमापोटी होते आणि सर्वांत महाग पडते. झिनिया, कॉसमॉस, डेलिया, स्नॅपड्रॅगन यांचा मधला शेंडा तसाच ठेवला तर एक फूल लवकर मिळतं आणि त्याखाली आखूड देठांची गर्दी होते. रोप २० ते ३० सेंटिमीटरचं झालं, पानांच्या तीन-चार जोड्या आल्या, की त्यांच्या वरचा शेंडा कापून टाका. प्रत्येक पानाच्या बगलेतून फुटवा येतो आणि त्यावर लांब देठाची फुलं लागतात. पहिलं फूल आठ-दहा दिवस उशिरा येईल, तेवढी कळ सोसा.

अपवाद लक्षात ठेवा. एकदांडी सूर्यफूल आणि एकाच मोठ्या तुऱ्याचा कोंबडा (सेलोशिया) यांचा शेंडा खुडला तर फूलच गेलं. यांच्याबाबत उपाय वेगळा: दर दोन-तीन आठवड्यांनी थोडं-थोडं बी पेरा. सगळं पाकीट एकाच दिवशी पेरलं की एका आठवड्यात फुलांचा पूर आणि पुढे वाफा रिकामा.

कापण्याची चुकीची वेळ आणि चुकीची जागा

काही फुलं पाण्यात उमलत राहतात, काही जिथे कापली तिथेच थांबतात. हे माहीत नसल्यामुळे जितकी फुलं वाया जातात तितकी रोगाने जात नसावीत.

झिनिया आणि डेलिया थांबणाऱ्यांपैकी. कळी कापली तर ती कळीच राहते, म्हणून जवळजवळ पूर्ण उमललेलं फूलच घ्यावं. झिनियाची परीक्षा सोपी आहे. फुलाखाली वीतभर अंतरावर देठ धरून हलवा. मान डुलली तर अजून दोन दिवस थांबा, देठ ताठ राहिला तर कापा.

ग्लॅडिओलस आणि निशिगंध उमलत राहणारे. ग्लॅडिओलसच्या तळच्या एक-दोन कळ्यांना रंग दिसला की दांडा कापायचा, निशिगंधाची तळची एक-दोन फुलं उघडली की. सूर्यफुलाच्या पाकळ्या चकतीपासून सुटू लागतात तेव्हा, स्नॅपड्रॅगनचा खालचा तिसरा हिस्सा उमलला की, आणि कॉसमॉस पहिली पाकळी सुटताना. कॉसमॉसवर मधमाशी बसून गेली की त्याचे दिवस भरत आले असं समजा, कारण परागीकरण झालं की फुलाचं काम संपतं आणि पाकळ्या गळतात.

आता देठ कुठे कापायचा. वरून बोटभर देठ घेतला तर पुढचे फुटवेही वरच्या बारीक फांदीवरून येतात आणि दर खेपेला देठ आखूड होत जातो. खाली, जाड भागावर, पानांच्या जोडीच्या लगेच वर कापा. सोबत दोन कळ्या जातील, जाऊ द्या. ग्लॅडिओलसचं गणित वेगळं. पुढच्या वर्षीचा कंद पानांवर पोसला जातो, त्यामुळे दांडा कापताना झाडावर किमान चार पानं राहिली पाहिजेत.

वेळ पहाटेची. रात्रीत झाडाने पाणी भरून घेतलेलं असतं. पहाट जमत नसेल तर ऊन उतरल्यावर. भर दुपारी कापलेलं फूल आधीच तहानलेलं असतं आणि त्याच्या देठात पाण्याऐवजी हवा शिरते.

बादली ‘दिसायला’ स्वच्छ असणं

ज्या भांड्यातलं पाणी तुम्ही प्याल तेवढं ते भांडं स्वच्छ हवं. देठातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या अतिशय बारीक असतात. जिवाणूंची बुळबुळ त्या बंद करते आणि बादलीत पाणी असूनही फूल तहानेने मरतं. बादली साबणाने घासा, मग ब्लीचच्या पातळ पाण्याने विसळा. वाफ्यातच बादली सोबत ठेवा, कापलेलं फूल लगेच पाण्यात. पाण्याखाली जाणारी सगळी पानं काढा. घरी आल्यावर देठाचा तळ दोन-तीन सेंटिमीटर पुन्हा तिरका कापा आणि मांडणीआधी चार-पाच तास, जमल्यास रात्रभर, थंड अंधाऱ्या जागी खोल पाण्यात ठेवा. गुलाबाचे किंवा इतर कठीण देठ ठेचण्याची जुनी सवय सोडा. ठेचलेला भाग पाणी ओढत नाही आणि लवकर सडतो.

नुसती साखर घालणं हीही चूकच, ती फुलाआधी जिवाणूंना पोसते. घालायचीच तर एक लिटर पाण्यात एक चहाचा चमचा साखर आणि दोन चमचे लिंबाचा रस विरघळवून शेवटी अर्धा चमचा साधं ब्लीच. ब्लीच आणि लिंबाचा रस पाण्याशिवाय कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. एवढा खटाटोप नको असेल तर दर दोन दिवसांनी पाणी बदलून देठ पुन्हा कापावा. बहुतेक फुलांना तेवढं पुरतं.

बिघडलंच तर

गुलाबाने मान टाकली: देठ पाण्याखाली धरून तीन सेंटिमीटर कापा, दांडा ताठ राहील असा कागदात घट्ट गुंडाळा आणि कोमट, खोल पाण्यात दोन तास उभा ठेवा. कळी फारच कोवळी कापलेली असेल तर मात्र उपाय नाही.

ग्लॅडिओलस किंवा स्नॅपड्रॅगनचं टोक वाकडं झालं: ते आडवे ठेवले गेले होते. ही फुलं कापल्यावरही वरच्या दिशेने वळत राहतात. प्रदर्शनाला नेतानाही उभीच न्या.

ग्लॅडिओलसच्या पाकळ्यांवर पांढरट रेघोट्या, कळ्या करपून न उघडणं: फुलकिडे. बाधित दांडे लगेच काढून टाका आणि कंद साठवण्याआधी नीट तपासा, कारण ते कंदांवर लपून पुढच्या हंगामात येतात.

कार्नेशन, स्नॅपड्रॅगन किंवा स्वीट पी अचानक कोमेजले वा गळले: जवळ पिकलेली फळं आहेत का पाहा. त्यातून निघणारा इथिलीन वायू या फुलांना म्हातारं करतो.

जर्बेराचा देठ तळाशी मऊ पडला: पाणी जास्त खोल आहे. चार-पाच बोटं पाणी पुरे, पण ते रोज बदला.

डॅफोडिलसोबत ठेवलेली फुलं सुकली: डॅफोडिलचा चीक इतरांना बाधतो. त्याला आधी काही तास वेगळ्या पाण्यात ठेवा आणि मग देठ पुन्हा न कापता इतरांत मिसळा. कापला तर चीक नव्याने वाहू लागतो.