वसाहतकालीन अमेरिकेतला आयरिश पूर्वज शोधताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या मराठी घरांत आता आयरिश वंशाचे सुना-जावईही आहेत. नातवंडांची वंशावळ मांडायला घेतली की आपल्या बाजूला निदान कुलवृत्तांताचा आधार असतो. त्यांची बाजू मात्र १७४० च्या आसपास पेन्सिल्व्हेनियात किंवा व्हर्जिनियात येऊन अडते. 'आयर्लंडहून आला' एवढंच घरात माहीत असतं. गाव नाही, जहाज नाही.

इथे सगळ्यात महागात पडते ती समुद्र ओलांडायची घाई. आयर्लंडच्या अँट्रिम किंवा डोनेगल काउंटीच्या (जिल्ह्याच्या) नोंदींत त्याच नावाचा, साधारण त्याच वयाचा एखादा जेम्स दिसतो आणि तोच आपला म्हणून जोडला जातो. अल्स्टरमध्ये, म्हणजे आयर्लंडच्या या उत्तरेकडच्या प्रांतात, जॉन, जेम्स, विल्यम, रॉबर्ट ही नावं घरोघरी होती. नुसतं नाव जुळल्याने काहीच सिद्ध होत नाही. ऑनलाइन वंशवृक्षांत असा चुकीचा बाप एकदा चिकटला की पन्नास जण तो उतरवून घेतात आणि मग पन्नास ठिकाणी दिसतो म्हणून खरा वाटू लागतो. मूळ गावाचा पत्ता लागलाच तर तो बहुधा अमेरिकेतल्याच कागदात लागतो. म्हणून आधी इथलं दप्तर पूर्ण उपसा.

दुसरी चूक म्हणजे जहाजाच्या प्रवासी यादीमागे लागणं. अमेरिकेच्या केंद्र सरकारने येणाऱ्या प्रवाशांच्या याद्या घ्यायला सुरुवात केली ती १८२० मध्ये. फिलाडेल्फियाच्या १७२७ पासूनच्या प्रसिद्ध याद्या जर्मन भाषक प्रांतांतून आलेल्या परक्या लोकांच्या आहेत. त्यांना ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे, म्हणून त्यांची नावं लिहिली गेली. आयर्लंडचा माणूस आधीपासूनच त्या राजाचा प्रजाजन. त्याला ना शपथ, ना नागरिकत्वाचा अर्ज, म्हणून तसा कागदही नाही. न्यू यॉर्कचं स्थलांतरितांचं तपासणी केंद्र एलिस आयलंड तर १८९२ साली उघडलं, त्यामुळे तिथे शोधण्यात काहीच अर्थ नाही.

आयरिश म्हणजे कॅथलिक आणि बटाट्याच्या दुष्काळात आलेला, हे गृहीतही सोडा. तो दुष्काळ १८४५ नंतरचा. १७१८ पासून अमेरिकन क्रांतीपर्यंत आलेल्यांत मोठा भरणा अल्स्टरच्या प्रेस्बिटेरियन (एका प्रोटेस्टंट पंथाच्या) कुटुंबांचा होता. जमिनीचं वाढतं भाडं, नापिकी आणि अँग्लिकन, म्हणजे सरकारमान्य चर्चचे, नसलेल्यांना सरकारी पदांपासून दूर ठेवणारे कायदे यांना ते कंटाळले होते. कॅथलिकही आले, त्यांतले पुष्कळ करारबद्ध नोकर किंवा हद्दपार केलेले कैदी म्हणून. हा फरक कळला नाही तर माणूस भलत्याच नोंदींत हरवतो. जमीन-घरांच्या करआकारणीची ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन ही नोंद १८४७ ते १८६४ ची आहे आणि आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्ममृत्यूंची सरकारी नोंदणी १८६४ मध्ये सुरू झाली. १७३५ ला निघून गेलेला माणूस त्यांत सापडणार कसा? त्याच्यासाठी १७०८ मध्ये स्थापन झालेली डब्लिनची रजिस्ट्री ऑफ डीड्स (दस्त नोंदणी कचेरी) आणि १७४० च्या प्रोटेस्टंट कुटुंबप्रमुखांच्या याद्यांच्या उरलेल्या नकला आहेत, पण काउंटी कळल्यावरच त्या उघडाव्यात. '१९२२ च्या आगीत सगळं जळलं' हेही अर्धसत्य आहे. ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या इमारतीतलं सरकारी अभिलेखागार जळालं, फार मोठी हानी झाली. पण रजिस्ट्री ऑफ डीड्स तिथे नव्हती, आणि प्रेस्बिटेरियन चर्चच्या वह्या सहसा त्या त्या गावच्या चर्चकडेच असत.

अमेरिकेत काउंटीच्या सीमा सतत बदलत होत्या, आणि नेमकं तिथेच अनेकांचं काम अडतं. घर तिथेच असतं, कचेरी बदलते. लँकेस्टर काउंटी १७२९ मध्ये चेस्टरमधून निघाली, कंबरलँड १७५० मध्ये लँकेस्टरमधून. व्हर्जिनियात ऑगस्टा काउंटी कायद्याने १७३८ मध्ये जाहीर झाली, पण तिचं कोर्ट बसलं १७४५ ला. तोवर तिथल्या लोकांची कामं ऑरेंज काउंटीच्या कोर्टात चालत. त्या ऑरेंजच्या वह्यांत १७४० च्या सुमारास आयरिश कुटुंबांची एक फार मोलाची नोंद सापडते. माणूस शपथेवर सांगतो की मी, माझी बायको आणि ही ही मुलं, स्वखर्चाने आयर्लंडहून फिलाडेल्फियाला आणि तिथून या वसाहतीत आलो. व्हर्जिनियात दर माणशी ५० एकर जमिनीचा हक्क मिळे, त्यासाठी ही शपथ. जहाजाची यादी नसली तरी अख्खं कुटुंब नावानिशी हाती लागतं.

कराच्या याद्याही वरवर चाळू नका. पेन्सिल्व्हेनियात २१ वर्षांवरचे अविवाहित पुरुष 'फ्रीमेन' म्हणून वेगळे लिहिलेले असतात. एका वर्षी तिथे असलेलं नाव पुढे मुख्य यादीत गेलं, तर मधल्या काळात लग्न झालं असण्याची शक्यता मोठी. मात्र सीनियर-ज्युनियर दिसले की लगेच बाप-लेक समजू नका. एका गावात एकाच नावाचे दोन पुरुष असले की मोठ्याला सीनियर म्हणत, नातं असो नसो.

तारखांचा घोळ तर ठरलेलाच. १७५२ पर्यंत ब्रिटिश वसाहतींत वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे डिसेंबर १७४० चा जन्म आणि फेब्रुवारी १७४० चा बाप्तिस्मा अगदी बरोबर असू शकतो. अशी तारीख 'दुरुस्त' न करता जशी आहे तशी उतरवा.

एवढं करूनही अडलात तर पूर्वजाला बाजूला ठेवा आणि शेजारी धरा. ही माणसं नात्यागोत्याने आणि चर्चच्या मंडळीने मिळून आली, ग्रेट वॅगन रोड या पेन्सिल्व्हेनियातून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाडीरस्त्याने एकत्रच दक्षिणेला सरकली. खरेदीखतावरचे साक्षीदार, मृत्युपत्राचे व्यवस्थापक, लगतच्या जमिनीचे मालक यांची नावं काढा. त्यांच्यापैकी एकाचं गाव कळलं तर तुमचंही त्याच परिसरात असण्याची दाट शक्यता. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावरच्या फुल-टेक्स्ट शोधात आता हस्तलिखित दस्तांमधली साक्षीदारांची नावंही सापडतात. क्रांतियुद्धात लढलेला भाऊ किंवा मुलगा असेल तर १८३२ च्या कायद्याखालचा त्याचा पेन्शनचा अर्ज वाचाच. कुठे आणि कोणत्या साली जन्मलास, हा प्रश्न त्यात ठरलेला होता. घराणं क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं असेल तर नशीब थोर. आयर्लंडमधल्या सभेने (पंथाच्या स्थानिक मंडळीने) दिलेलं स्थलांतराचं प्रमाणपत्र पेन्सिल्व्हेनियातल्या सभेच्या वहीत नोंदलेलं असतं.

डीएनए चाचणी सगळ्यात शेवटी. आठ पिढ्यांपूर्वीच्या माणसाचा अंश साध्या चाचणीत उरेलच असं नाही. त्या आडनावाच्या सलग पुरुष वंशातला एखादा चुलत भाऊ शोधून त्याची वाय-डीएनए (बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या गुणसूत्राची) चाचणी करून घ्या, आणि निकाल अल्स्टरमध्ये अजून राहणाऱ्या त्याच आडनावाच्या घराण्यांशी ताडून पाहा.