वाकळ उसवून पुन्हा शिवली

मार्गशीर्षात परभणीची थंडी हाडात शिरते, म्हणून यंदा ह्यांनी आणि मी मिळून वाकळ शिवायला घेतली. सासूबाईंचं जुनं लुगडं 9 वार, म्हणजे साधारण 8 मीटर. त्याचे 2-2 मीटरचे चार तुकडे केले, दोन-दोन जोडून दोन थर झाले. मधे जुनी धोतरं. अस्तर मात्र मी हौसेनं नवं कोरं सुती आणलं. तिथंच घोडं अडलं.

पहिल्याच धुण्यात अस्तर आटलं. जुनं कापड शंभरदा धुतलेलं, ते होतं तसंच राहिलं. मग सगळीकडं चुण्या. हे म्हणाले, "पांघरल्यावर कुठं दिसतंय?" मला दिसत होतं ना!

अख्खी उसवली. अस्तर रात्रभर भिजवून वाळवलं, इस्त्री केलं. थर फरशीवर ताणून अंथरले, कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, जे सापडलं ते ठेवलं. आधी वीतभर अंतरानं लांब कच्चे टाके, मग मधून कडेकडं बारीक धावदोरा. ह्यांच्याकडं फक्त सुईत दोरा ओवायचं काम होतं. तिसऱ्या दिवशी स्वतःच शिवत बसले. त्यांची एक ओळ वाकडी गेलीय, ती तशीच ठेवली. शेवटी कच्चे टाके काढले. परवा पुन्हा धुतली, सपाट वाळली.