जळगाव-धुळ्याला अपडाऊन करायचंय? गाव निवडताना या चुका टाळा

मे महिन्यात बदल्यांच्या ऑर्डरी निघाल्या की मला फोन सुरू होतात. नोकरी जळगावात लागली, शहरातलं भाडं झेपत नाही, तर भुसावळ बघू की पाळधी, नशिराबाद की पाचोरा? विचारतात ते चांगलंच करतात. वाईट याचं वाटतं की निम्म्या लोकांनी विचारायच्या आधीच कुठेतरी इसार देऊन टाकलेला असतो. त्यांना सल्ला नको असतो, होकार हवा असतो. मी 2007 पासून अपडाऊन करतोय. गाडीत रोज भेटणाऱ्या कितीतरी संसारांची ओढाताण जवळून पाहिली आहे, आणि त्याच त्याच चुका पुन्हा होताना बघून आता खरंच जीव कळवळतो. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

सकाळची गाडी पाहून गाव ठरवणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती मी स्वतः केलेली आहे.

2007 साली मला जळगाव एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये हिशेबाचं काम मिळालं. एका मित्राच्या ओळखीने पाचोऱ्यात दोन खोल्यांचं घर बघितलं. पुढे ओटा, मागे कडुनिंब, भाडं जळगावच्या निम्मं. रविवारी बायकोला घेऊन एक्स्प्रेसने गेलो. पाचोरा ते जळगाव रेल्वेने 47 किलोमीटरच्या आसपास, गाडी कुठे थांबली नाही, पाऊण तासाच्या आत पोहोचलो. सोमवारी सकाळची गाडीही वेळेवर होती. परत येताना घराची किल्ली घेतली.

संध्याकाळचं मी पाहिलंच नव्हतं. मिल साडेसहाला सुटायची. तिथून अजिंठा चौफुलीपर्यंत पायी, मग सीटची रिक्षा. ती भरल्याशिवाय हलायची नाही. स्टेशनवर पोहोचेपर्यंत पॅसेंजर गेलेली असायची. त्यानंतरच्या गाड्यांपैकी काही पाचोऱ्याला थांबायच्या नाहीत. काही सुपरफास्ट होत्या; त्यांना साध्या मासिक पासावर चढता येत नाही, वेगळा अधिभार भरावा लागतो, आणि आरक्षित डब्यात तर पास चालतच नाही. जी गाडी मिळायची ती शिरसोलीला नाहीतर म्हसावदला लूप लाइनला, म्हणजे बाजूच्या रुळावर, टाकायचे. शेजारून मेल धडधडत जायची आणि आमच्या डब्यात कुणी काही बोलायचं नाही.

एक महिना मी खिशातल्या डायरीत घराचं कुलूप वाजलं ती वेळ लिहून ठेवली. कामाचे दिवस 26. त्यातल्या 11 दिवशी नऊ वाजून गेलेले होते. मुलगी तेव्हा तीन वर्षांची. मी पोहोचायचो तेव्हा ती झोपलेली, निघायचो तेव्हाही झोपलेली. ती दिवसभरात काढलेलं चित्र माझ्या डब्याच्या पिशवीत घालून ठेवायला लागली, म्हणजे मला ते सकाळी गाडीत सापडेल. पोळीचं तेल लागलेले ते कागद अजून माझ्याकडे आहेत. दीड वर्षाने आम्ही पाचोरा सोडलं. गाव चांगलं होतं, माणसं फार चांगली होती. माझ्या कामाच्या वेळेला ते गाव जुळत नव्हतं, एवढंच.

तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच गोष्ट करायला सांगतो. घर बघायच्या आधी तीन संध्याकाळी तो प्रवास करा. कामावरून, कामाच्या वेळेला, पूर्ण थकलेले असताना. एक दिवस लग्नसराईच्या मोठ्या तिथीचा धरा, कारण त्या दिवशी एसट्या वऱ्हाडाने भरलेल्या असतात. एक दिवस जोराच्या पावसाचा. वेळ मोजायची ती स्टेशन ते स्टेशन नाही. खुर्चीतून उठल्यापासून घरात चपला काढेपर्यंत. ती तीन दिवसांत एकदाही दीड तासाच्या वर गेली, तर मी ते गाव सोडून देतो. दीड तास हा माझा आकडा आहे. तुमचा वेगळा असेल, पण तो इसाराच्या आधी ठरलेला असू द्या.

जळगाव–भुसावळ या 24 किलोमीटरच्या टप्प्याचं महत्त्व इथे कळतं. नागपूरकडची आणि इटारसीकडची लाइन भुसावळला फुटते, त्यामुळे मुंबईहून या दोन्ही दिशांना जाणाऱ्या गाड्या या तुकड्यावरून जातात. सुरतेची लाइनही जळगावलाच येऊन मिळते. भुसावळ मोठं जंक्शन, म्हणून बहुतेक गाड्या थांबतात. एक चुकली तर पुढचीची आशा असते. आमच्या पासवाल्यांच्या भाषेत, गाडी चुकली तरी रात्र चुकत नाही. पण सुपरफास्टचा अधिभार भरलेला पास काढा. चार पैसे वाचवायला साधा पास काढून सुपरफास्टच्या दारात उभं राहणारे आणि टीसी दिसला की डबा बदलणारे मला अजिबात आवडत नाहीत. एका दंडात महिन्यांची बचत जाते आणि मन रोज धास्तावलेलं राहतं ते वेगळंच.

कामाच्या उलट्या अंगाचं गाव घेणं

जळगाव एमआयडीसी शहराच्या पूर्वेला, अजिंठा चौफुलीच्या पलीकडे. नशिराबाद-भुसावळकडून रस्त्याने येणाऱ्याला शहरात शिरावंच लागत नाही. विद्यापीठ पश्चिमेला, गिरणेकाठी बांभोरीला. तिथे नोकरी असेल तर पाळधी, धरणगाव, एरंडोल बघा. धुळ्याचंही तसंच. अवधानची एमआयडीसी मालेगावच्या अंगाला आहे, सोनगीर शिरपूरच्या अंगाला. किलोमीटर सारखे दिसले तरी शहर ओलांडायला लागणारा वेळ रोज दोनदा भरावा लागतो. कागदावर चौकोन काढून चार दिशा लिहा, पाच मिनिटांचं काम आहे.

एकाच वाहनावर विसंबणं

मार्च 2020 मध्ये रेल्वे बंद पडली आणि पॅसेंजर गाड्या कितीतरी महिने रुळावर आल्या नाहीत. पाचोरा–जामनेरची छोटी गाडी, आपली पीजे, तेव्हा थांबली. त्या मार्गाचं मग ब्रॉडगेजचं ठरलं. शेंदुर्णी-पहूरच्या ज्या लोकांचं येणंजाणं त्या गाडीवर होतं, त्यांची सोय एका दिवसात संपली. लोक एसटीकडे वळले, तर 2021 च्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल 2022 पर्यंत चालला. आमच्या डब्यातल्या दोघांनी त्या दोन वर्षांत नोकरी सोडली. काम करायची इच्छा होती, पण पोहोचायलाच काही नव्हतं.

म्हणून गावाला रेल्वे, एसटी आणि स्वतःच्या दुचाकीने जाण्याजोगा रस्ता, या तिन्हींपैकी दोन तरी हवेत. नोकरी घरातली बाई करणार असेल तर एसटीचा हिशेब वेगळा मांडा, कारण मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे. मात्र स्टँडवरून शेवटची बस किती वाजता सुटते ते वेळापत्रकाच्या बोर्डावर वाचून समाधान मानू नका. कंट्रोलरला विचारा आणि एकदा त्याच बसने या. काळीपिवळी जीपच्या भरवशावर तर गाव निवडूच नका. ती मिळाली तर सोय समजा.

हिवाळ्यात गाव बघणं आणि त्याच दिवशी प्लॉट धरणं

खान्देशात डिसेंबर-जानेवारीत कुठलंही गाव आवडतं. शेतात भरीत पार्टी असते, कळण्याची भाकरी असते, केळीच्या बागांवरून गार वारा येतो. एजंटांना हे पक्कं माहीत असतं. ते पाहुण्याला भरीत खाऊ घालतात आणि उन्हं उतरताना प्लॉट दाखवतात.

माझ्या शालकाला असाच जळगावच्या पश्चिमेकडच्या एका गावाबाहेर प्लॉट दाखवला. रस्त्याला लागून, स्वस्त, ‘एन.ए. (बिनशेती) होऊन जाईल’ असं तोंडी आश्वासन. जमीन काळीभोर, सपाट, आरशासारखी. मी म्हटलं, एक मे महिना जाऊ दे. त्याला घाई होती, कारण एजंटाने दुसरं गिऱ्हाईक तयार असल्याचं सांगितलं होतं. हे दुसरं गिऱ्हाईक प्रत्येक प्लॉटच्या वेळी असतं. मी आजवर त्याला पाहिलेलं नाही.

काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसते. गवंड्याने पाया चार फुटांवर आटोपला, मुरूम लागेपर्यंत खोदलं नाही. पहिल्या पावसाळ्यात मोटारसायकल डांबरी रस्त्यावरच्या टपरीपाशी ठेवून शालक चपला हातात घेऊन घरी यायचा. पायाला किलोकिलोचा चिखल. दुसऱ्या पावसाळ्यात खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघाल्या. पावसाळ्यात दार चौकटीत घट्ट बसायचं, लाथ मारून उघडावं लागायचं. उन्हाळ्यात त्याच दाराच्या फटीतून उजेड यायचा. भेग बुजवायची, रंग द्यायचा, पुन्हा भेग. घर आहे म्हणून राहतात, पण मला बहिणीसारख्या असलेल्या शालकाच्या बायकोच्या चेहऱ्यावर ते घर आपलं म्हणून कधी दिसलं नाही.

माझी सवय सांगतो. मी प्लॉट मे महिन्यात बघतो. शेतातल्या भेगांत हात मनगटापर्यंत जातो का ते बघतो. मग शेजारच्या विहिरीत डोकावतो. बांधलेली नसेल तर तिच्या कडेलाच कळतं, काळीचा थर किती खोल आहे आणि मुरूम कुठे लागतो. काळी खोल असेल तर पायाचा खर्च धरूनच प्लॉटची किंमत ठरवायची आणि गवंड्याच्या नाही, इंजिनिअरच्या सल्ल्याने खोदायचं. ‘एन.ए. होईल’ हे शब्द ऐकले की उठून यायचं. जमीन बिनशेती झाल्याचा कागद, मंजूर लेआऊट आणि सातबारा हातात हवा. लेआऊट 500 चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांकही मागा.

आणि पाणी. त्याच गावात इसार देण्याआधी किराणा दुकानातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी शालकाला सांगितलं होतं, ‘दादा, नयले पानी कवय येस, ते पहिले इचार.’ म्हणजे नळाला पाणी कधी येतं, ते आधी विचार. त्याने विचारलं नाही. नळाला आठव्या-नवव्या दिवशी पाणी यायचं. आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, कूलरशिवाय झोप नाही, आणि कूलर पाण्याशिवाय चालत नाही. पाण्याच्या दिवशी पहाटे चारला घरोघरी मोटारी लागतात, शेवटच्या घराला धार करंगळीएवढी. रात्री साडेआठला थकून आलेल्या माणसाने मग ड्रम भरायचे. अपडाऊनचा त्रास लोक गाडीत मोजतात. त्यातला निम्मा घरच्या नळापाशी असतो. गावात फिरताना घरांच्या पुढचे निळे ड्रम मोजा. जितके ड्रम जास्त, तितके दिवस नळ कोरडा.

‘प्रस्तावित’ रेल्वेच्या नावावर जमीन घेणं

इंदूर–मनमाड लाइनचं नाव धुळे-शिरपूरकडचे लोक कित्येक वर्षं ऐकत होते. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने 309 किलोमीटरच्या या मार्गाला मंजुरी दिली. जालना–जळगाव या 174 किलोमीटरच्या लाइनला त्याच्या आदल्याच महिन्यात मिळाली. दोन्हींचा मला मनापासून आनंद आहे. पण मंजुरीनंतर भूसंपादन, मग भराव, पूल, रूळ, आणि त्यानंतर तुमच्या कामाच्या वेळेची गाडी. तोवर तुमची मुलं दहावी होतील. आज धावणाऱ्या गाडीवर गाव निवडा.

पेट्रोलचा हिशेब न मांडणं

भुसावळहून दुचाकीने रोज 50 किलोमीटर, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 1,300 किलोमीटर. लिटरला 50 धरलं तर 26 लिटर. लिटरमागे 100 रुपये धरले तरी 2,600 रुपये, टायर आणि सर्व्हिसिंग वेगळं. भाड्यात अडीच हजार वाचतात म्हणून बाहेर राहायला गेलेल्याने काय मिळवलं? शिवाय हायवेवरची ट्रकांची रांग, रात्रीचा परतीचा रस्ता. पास काढा.

मुलांची शाळा कामाच्या गावात ठेवून त्यांनाही अपडाऊनला लावू नका. रात्री बारा वाजता दार उघडणारा डॉक्टर कोण, हे घर घेण्याआधी माहीत असू द्या.

घरात राहणाऱ्याला न विचारणं

नवीन लोकांची घाई इथे सगळ्यात जास्त नडते. अपडाऊन करणारा माणूस त्या गावात झोपायला येतो. दिवस तिथे काढतात ते आईवडील, बायको किंवा नवरा, मुलं. तरी घर बघायला एकटाच जातो, मोबाइलवर फोटो पाठवतो आणि तिथूनच इसार देतो. इसाराचे पैसे घरी ठेवून जा. आधी अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहा, आणि तो करार मार्चमध्ये करा, म्हणजे मेचं ऊन, पावसाळा आणि दिवाळीची गर्दी, सगळं त्यात येतं.

पाचोऱ्यानंतर भुसावळचं घर बघायला आम्ही दोघं गेलो. संध्याकाळच्या गाड्या मी वहीत लिहून आणल्या होत्या. बायको मात्र घरात शिरलीच नाही. ती शेजारणीच्या ओट्यावर जाऊन बसली. पाणी किती दिवसांनी येतं आणि किती वाजता, उन्हाळ्यात रात्रीची लाइट जाते का, पिठाची गिरणी किती लांब. शेजारणीने पाण्याची वेळ सांगितली आणि वर म्हणाली, तुम्ही कामात असाल तर तुमचा नळ मी सोडत जाईन. बायको उठली, माझ्याकडे आली आणि म्हणाली, आता खोल्या बघू.

अजून आम्ही त्याच गल्लीत राहतो.