सोसायटीत रॅम्प, लिफ्ट आणि ज्येष्ठांसाठी बाथरूम: खर्च फुगवणाऱ्या या चुका टाळा

वाशी, नेरूळ, कोपरखैरण्यातल्या सिडकोच्या बिनलिफ्टच्या इमारती घ्या किंवा ठाण्यात नौपाडा, कोपरी, वर्तकनगरच्या जुन्या सोसायट्या. तरुणपणी इथे घर घेतलेली माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. कुणाचा गुडघा बदललाय, कुणी वॉकर घेऊन चालतं, आणि खालच्या दाराशीच तीन पायऱ्या आहेत. सर्वसाधारण सभेत विषय निघतो, तीन कोटेशनं येतात, सगळ्यात स्वस्त ठेकेदाराला काम मिळतं. काम संपतं तेव्हा रॅम्प झालेला असतो, पण त्यावरून व्हीलचेअर एकट्याने चढवता येत नाही. पैसे मात्र ठरल्यापेक्षा जास्त गेलेले असतात.

अशा कामांची अंदाजपत्रकं तपासून देताना मला एकच गोष्ट परत परत दिसते. सिमेंट-सळईच्या भावाने बजेट क्वचितच कोलमडतं. माप न घेता ठरवलेलं काम आणि कोटेशनमधले मोघम शब्द, पैसा या दोन ठिकाणी जातो.

रॅम्पची लांबी जागा बघून ठरवणे

व्हीलचेअरच्या रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नको. म्हणजे जोत्याच्या दर इंच उंचीला एक फूट लांबी. जोतं १८ इंच असेल तर १८ फूट रॅम्प, आणि वर-खाली साधारण ५ बाय ५ फूट सपाट जागा, खुर्ची वळवता यावी म्हणून. रुंदी किमान १२०० मिलिमीटर, म्हणजे जवळपास ४ फूट. पण ठेकेदार येतो, दारापासून पार्किंगच्या रेषेपर्यंत टेप लावतो आणि म्हणतो, ‘आठ फुटांत बसवतो.’ तो उतार १:५ च्या आसपास पडतो. त्यावर स्कूटर चढेल, पण खुर्ची मागे कलंडायची भीती राहते, आणि उतरताना वॉकरवाल्याचा तोल जातो.

सरळ लांबी मिळत नसेल तर रॅम्प भिंतीच्या कडेने वळवा, वळणावर सपाट जागा ठेवा. तेवढीही जागा नसेल तर उभा प्लॅटफॉर्म लिफ्टर, म्हणजे खुर्चीसकट माणसाला सरळ वर उचलणारा मंच, लावा. तीव्र रॅम्प बांधून सोय केल्याचं समाधान मानू नका. त्यावरून पडणारा माणूस आपल्याच इमारतीतला असतो.

१:१२ म्हटलं की समितीला खर्च दुप्पट होईल असं वाटतं, म्हणून हिशोब मांडून दाखवतो. १८ फूट लांब, ४ फूट रुंद रॅम्प आणि वरचा ५ बाय ५ फुटांचा चौथरा यांचं एकूण घनफळ सुमारे ९१ घनफूट भरतं. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे हे ब्रासभरही नाही. यातला बराच भाग भराव असतो. वरचा ४ इंची काँक्रीटचा थर ३२ घनफुटांच्या आसपास, आणि एम-२० दर्जाचं काँक्रीट धरलं तर त्याला सिमेंटच्या सात-आठ गोण्या लागतात. आठ फुटांच्या रॅम्पऐवजी अठरा फुटांचा केला तर सिमेंट वाढतं ते मोजक्या गोण्यांनी. खरा खर्च रेलिंगचा आहे. दोन्ही बाजूंनी धरलं तर ४५ रनिंग फुटांहून जास्त होतं, तेव्हा कोटेशनवर घासाघीस करायची असेल तर तिथे करा.

रेलिंगमध्ये फसवणूकही जास्त. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही खाडीकाठी, हवेत खारटपणा. गंजाला जास्त टिकणाऱ्या ३०४ ग्रेडच्या भावात स्वस्त २०२ ग्रेडचा स्टेनलेस पाइप लावला तर पावसाळ्यानंतर वेल्डिंगच्या सांध्यांवर तांबडे डाग येतात. लोहचुंबक लावून हे कळत नाही, कारण दोन्ही ग्रेडना चुंबक जवळपास चिकटत नाही. बिलावर ग्रेड आणि पाइपची जाडी लिहून घ्या, आणि ग्रेड ओळखण्याचं रसायन थेंबभर टाकून चाचणी समोर करून घ्या. पाइप ३८ ते ४५ मिलिमीटर व्यासाचा हवा, म्हाताऱ्या हाताची मूठ त्याच्याभोवती नीट बसते.

कामांचा क्रमही चुकतो. आधी रॅम्प होतो, मग वर्षभराने कंपाउंडमध्ये पेव्हर ब्लॉक बसतात आणि रॅम्पच्या पायथ्याशी दोन इंचांचा उंबरठा तयार होतो. पेव्हरचं काम ठरलं असेल तर ते आधी उरका, जोत्याची उंची नंतर मोजा. आणि रॅम्पचा स्लॅब इमारतीच्या जोत्याला जखडू नका, मध्ये सांधा सोडा. नवी मुंबईत बरीच जमीन भरावाची आहे. भराव बसतो, इमारत जागची हलत नाही, आणि भेग नेमकी दाराशी पडते.

लिफ्ट अर्ध्या जिन्यावर थांबते, हे कुणी विचारत नाही

सगळ्यात महाग चूक ही. चार मजली जुन्या इमारतींत जिना मध्ये वळतो. बाहेरून लिफ्टचा सांगाडा उभा करायला सोपी जागा म्हणजे जिन्याच्या खिडकीची भिंत, आणि तिथे लिफ्ट वळणाच्या चौथऱ्यावर उघडते. म्हणजे घरी पोचायला पुन्हा आठ-नऊ पायऱ्या चढायच्या किंवा उतरायच्या. गुडघेदुखी असलेल्याला तेवढ्यानेही मोठा आराम मिळतो, हे खरं. पण व्हीलचेअरवरच्या माणसाचं घर होतं तितकंच लांब राहतं, आणि ज्यांच्यासाठी वर्गणी काढली त्यांनाच हे उद्घाटनाच्या दिवशी कळतं. मला हे फार लागतं. नकाशावर लिफ्टचं दार प्रत्येक मजल्याच्या नेमक्या कोणत्या पातळीला उघडतं, तो आकडा सभेत मोठ्याने वाचून दाखवा, मगच मतदान घ्या. गॅलरीच्या किंवा पॅसेजच्या बाजूने मजल्याच्या पातळीला दार देता येत असेल तर सांगाडा थोडा महाग पडला, एखाद्या सदस्याची खिडकी हलवावी लागली, तरी त्याला समजावून तो मार्ग घ्यावा असं माझं ठाम मत आहे.

लिफ्ट कंपनीचं कोटेशन हाती आलं की एकूण खर्च कळला असं समितीला वाटतं. त्यात बहुतेक वेळा फक्त यंत्रणा असते. सांगाडा, त्याचा पाया, खालचा खड्डा, महावितरणकडून थ्री फेजचा वाढीव भार, जीएसटी, वार्षिक देखभाल, हे सगळं बाहेर राहतं. खड्ड्याकडे विशेष बघा. खाडीलगत काही फूट खणलं की पाणी लागतं, आणि वॉटरप्रूफिंगशिवाय केलेला खड्डा जुलैत भरतो. पंप लावून रोज उपसण्यापेक्षा ते काम आधी नीट करा. कमी खोलीच्या खड्ड्यावर चालणाऱ्या लिफ्टही मिळतात, त्यांचा भाव मागवून तुलना करा.

परवानग्यांशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल, महापालिकेची मंजुरी, जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची असेल तर सिडकोचं ना-हरकत पत्र, आणि लिफ्ट निरीक्षकांची आधी उभारणीची परवानगी व मग चालवण्याचा परवाना. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. ते राहिलं असेल तर पहिला खर्च त्याचाच धरा.

बाथरूम: लादीवर लादी

तोडफोडीचे पैसे वाचवायला जुन्या लादीवर नवी लादी बसवतात. जमीन वर येते, दाराशी पायरी होते, आणि ज्या आजींसाठी काम काढलं त्यांचाच पाय त्यात अडतो. उंबरा १२ मिलिमीटरपेक्षा जास्त नको.

दाराचं मापही असंच फसवतं. ३ फुटांची चौकट मागवली की ३ फूट जागा मिळते असं नाही. चौकटीच्या दोन्ही बाजू आणि उघडलेल्या फळीची जाडी वजा करून अडीच फुटांच्या आसपास उरतं. ९०० मिलिमीटर मोकळी वाट हवी असेल तर कोटेशनमध्ये ‘मोकळी वाट’ असंच लिहा. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं ठेवा. आत माणूस दाराला टेकून पडला तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही.

धरायचे दांडे लादी बसल्यावर लावायचं ठरवू नका. एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांच्या, भिंतीत साधे प्लग माणसाचं वजन पेलत नाहीत, खेचल्यावर लादीसकट बाहेर येतात. लादीच्या आधीच तिथे काँक्रीट भरून घ्या किंवा आरपार बोल्ट करून मागे लोखंडी पट्टी द्या.

माल आणि मजुरी

रेती, क्रश सँड, खडी ‘गाडी’च्या हिशोबाने घेऊ नका. डंपरच्या हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजा, गुणाकाराला १०० ने भागा, तितके ब्रास. सळईचं वजन मिलिमीटरमधल्या व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागून येतं, मीटरला किलो. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई १०.६६ किलो भरते. नग मोजा आणि काट्याच्या पावतीशी ताडा. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्याआधीचंच कोटेशन तारीख बदलून आलं असेल तर दर पुन्हा मागा.

मजुरीत माझा नियम साधा आहे. मोजता येणारं काम, म्हणजे लादी, गिलावा, रेलिंग, मापावर द्या. तोडफोड किंवा भिंतीतली जुनी पाइपलाइन शोधणं हजेरीवर, म्हणजे रोजंदारीने, द्या, पण जास्तीत जास्त किती हजेऱ्या ते आधी लिहून घ्या. सगळं उक्तं, म्हणजे एकरकमी ठेक्याने, द्यायचं तर सोबत नकाशा जोडलेला हवा. लादीच्या मजुरीत स्कर्टिंग, कडांचं कटिंग, ग्राउट, चौथ्या मजल्यावर माल चढवणं आणि डेब्रिज उचलणं आहे का, हे एकेक विचारा. डेब्रिज कुठे टाकणार तेही विचारा. खाडीकाठच्या तिवरांत टाकणं गुन्हा आहे. होळीत, दिवाळी-छठला मजूर गावी जातात आणि मे महिन्यात वॉटरप्रूफिंगची घाई असते, तेव्हा दर चढतात. दिवाळीनंतर मजूर परतले की सुरू केलेलं काम स्वस्तही पडतं आणि नीटही होतं.

दर वाजवी आहे का हे बघायला सार्वजनिक बांधकाम विभागाची राज्य दरसूची खुली आहे. छोट्या कामाला त्याहून थोडं जास्त पडेल, पण दीडपट सांगितलं तर कारण विचारा. आणि शेवटचे १० टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हाती ठेवा. तशी अट वर्क ऑर्डरमध्ये लिहा, त्यात रॅम्पवर पाणी न साचणं, बाथरूमखालच्या घरात ओल न येणं आणि लिफ्टचा खड्डा कोरडा असणं या तीन तपासण्या नमूद करा.